अनुक्रमांक चारशे बारा

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशी नाही, सख्ख्या भावापाशी नाही. एकदा साताऱ्याला गेलो होतो तेव्हा वडिलांपाशी तोंड उघडलं होतं — मग विहिरीच्या मोटरचं काहीतरी विचारून विषय बदलला. तुम्हालाच का सांगतोय? ठाऊक नाही. तुम्ही समोर बसला आहात असं धरून चाललोय, एवढंच.

मी नेरूळला प्राथमिक शिक्षक आहे. सारसोळे गावाला लागून आमची शाळा. शिक्षकाच्या वाट्याला शिकवणं सोडून सगळी कामं येतात हे तुम्हाला माहीत असेलच, आणि माझं अक्षर वळणदार, त्यामुळे मतदार याद्यांचं काम कायमचं माझ्या गळ्यात. घरोघरी जायचं, नवीन नावं लिहून घ्यायची, मयतांची खोडायची, मग कच्ची यादी शाळेच्या भिंतीवर चिकटवायची. हरकत असेल त्याने येऊन सांगावी. खरं सांगू? मला ते काम आवडायचं. एका नावाचीही चूक होऊ द्यायची नाही असा माझा तोरा होता. साहेब लोक माझी यादी दुसऱ्यांना दाखवायचे.

सारसोळ्यात काशिनाथ म्हणून एक कोळी होता. एका सकाळी होडी घेऊन खाडीत गेला तो परत आला नाही. होडी दोन दिवसांनी तिवरांत उलटी सापडली, तो सापडला नाही. प्रेत नाही म्हणून दाखला नाही, आणि दाखला नाही म्हणून माझ्या वहीत त्याला मयत लिहिता येईना. चौकशी करून नाव काढता आलं असतं. पण त्याच्या म्हाताऱ्या आईने माझा हात धरला — ऱ्हाऊ द्या मास्तर, तेवढंच ऱ्हायलंय. मी राहू दिलं. तो माझा गुन्हा नाही. तिथपर्यंत मी बरा माणूस होतो, असं वाटतं.

त्याची बायको दमयंती. तेव्हा पंचवीस वर्षांची, मूलबाळ नाही. भिंतीवर यादी लागली की ती येऊन उभी राहायची. अक्षरं तिला वाचता येत नव्हती, आकडे येत होते. मीच तिला यादी वाचायला शिकवलं — हा अनुक्रमांक, हा घर नंबर, हे नाव, हे बापाचं किंवा नवऱ्याचं, हे शेवटी वय. चारशे बारा काशिनाथ, चारशे तेरा दमयंती. नवऱ्याचं नाव ती तोंडाने घेत नसे. गावातल्या बायका घेत नाहीत. ती नुसतं चारशे बारावर बोट ठेवायची आणि ते बोट सरकवत शेवटच्या आकड्यापर्यंत न्यायची.

तुम्हाला एक माहीत आहे का? यादी नव्याने निघते तेव्हा वयं पुढे सरकतात. सगळ्यांची, सरसकट. गेला तेव्हा तो चौतीसचा होता. पुढच्या यादीत तो पस्तीसचा झाला, त्यानंतर छत्तीसचा. मीच आकडे दुरुस्त केले होते, माझ्याच हाताने, आणि तरी भिंतीवर ते छत्तीस बघून माझ्या अंगावर काटा आला. खाडीत गेलेला माणूस माझ्या यादीत वाढत होता. दमयंती मात्र हसली. म्हणाली, छत्तीस झालं. शेजारच्या घरातल्या माणसाबद्दल बोलावं तसं.

पण ती वेडी नव्हती, हे लक्षात ठेवा. त्याच सुमारास तिच्या भावांनी उरणकडे तिच्यासाठी एक स्थळ बघितलं होतं. चांगला माणूस होता म्हणे. सासूही तयार झाली होती — पोरीने किती दिवस उंबऱ्यावर बसायचं? दमयंतीने हो म्हटलं होतं. मतदान झालं की भाऊ येऊन तिला घेऊन जाणार होते.

आता ते मतदान.

केंद्र आमच्याच शाळेत होतं. एक अधिकारी ऐनवेळी आला नाही आणि केंद्राध्यक्षांनी मला पहिल्या खुर्चीवर बसवलं. पहिल्या खुर्चीचं काम सोपं. मतदार चिठ्ठी देतो. आपण नंबर आणि नाव मोठ्याने पुकारायचं, बसलेल्या पोलिंग एजंटांना ऐकू जाईल असं, आणि यादीत नावाखाली लाल रेघ मारायची. बाई असेल तर रेघ आणि शेजारी बरोबरची खूण. फोटोची ओळखपत्रं नुकती यायला लागली होती, निम्म्या गावाकडे नव्हतीच.

दुपारी जेवायच्या वेळेला एक एजंट बाहेर गेला. दुसरा समोर बसून होता. तो माझा घरमालक. त्याच्या घरच्या शेतांवर इमारती उभ्या राहिल्या, आणि त्यातल्याच एका खोलीत मी भाड्याने राहत होतो. बायकोला सातवा महिना होता — पण हे कशाला सांगतोय? तिचा यात काही संबंध नाही.

एक माणूस आत आला. निळा शर्ट, उजव्या भुवईवर व्रण. सकाळी तो दुसऱ्याच नावाने येऊन गेला होता, मला चेहरा चांगला आठवत होता. बोटावरची शाई घासून काढलेली, कातडं लाल झालेलं. त्याने चिठ्ठी पुढे केली. चारशे बारा.

मी घरमालकाकडे बघितलं. त्याने मान किंचित हलवली — पुढे चला, अशी. एक शब्द पुरेसा होता माझा. हा तो नाही, एवढाच. केंद्राध्यक्ष चार हातांवर होते, दारात पोलीस होता. मी तो शब्द बोललो नाही. मी खणखणीत आवाजात पुकारलं — चारशे बारा, काशिनाथ हिराजी कोळी.

बाहेर बायकांची रांग होती. तिच्यातली कुजबुज एकदम थांबली. म्हणजे अगदी थांबली, पंख्याची करकर ऐकू येईल इतकी. खिडकीतून खाडीच्या चिखलाचा वास येत होता. तो माणूस शिक्का मारून मागच्या दाराने निघून गेला, आणि आपण कुणाचं नाव घेतलं हे मला तेव्हा कळलं. गावात ते नाव दोन वर्षं कुणी मोठ्याने घेतलं नव्हतं.

थोड्या वेळाने दमयंती माझ्या समोर होती. चारशे तेरा. मी तिचं नाव पुकारलं, रेघ मारली, खूण केली. ती हलेना. टेबलापलीकडून, उलट्या बाजूने ती यादी बघत होती. तिच्या नंबराच्या वर चारशे बारा होता आणि त्याखाली लाल रेघ, अजून ओली. आकडे तिला येत होते. यादी वाचायला मीच शिकवलं होतं ना?

दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली. मी पायरीवर उभा होतो. तिने विचारलं, "मास्तर, ते आलते ना? तुमीच नाव घेतलंत, मी आयकलं. गाव बोलतंय कोनीतरी खोटा आलता. तुमी सांगा. तुमी सांगाल तेच मी धरीन."

आता सांगतो. खरं सांगितलं असतं तर खोटं मतदान उघडं पडलं असतं, आणि रेघ माझ्या हातची होती. नोकरी गेली असती, कदाचित. मी भ्यालो. मी म्हणालो, आले होते. आणि तेवढ्यावर थांबलो नाही. तिने विचारलंही नव्हतं, तरी म्हणालो — निळा शर्ट होता.

ती पायरीवर बसली. "तोच घालून गेलते," म्हणाली.

महाप्याच्या कारखान्यांतली निम्मी माणसं निळा शर्ट घालतात. हे मला माहीत आहे. तरी कधी कधी त्या माणसाचा चेहरा आठवायला जातो तर भुवईवरचा व्रण आठवत नाही, ओले केस आठवतात. वाटतं, कोण जाणे, तोच आला असेल तर? पण नाही. मी त्याला सकाळी बघितलं होतं. तो काशिनाथ नव्हता आणि मला ते ठाऊक होतं.

भाऊ न्यायला आले, ती गेली नाही. स्थळ मोडलं. सासू पुढच्या वर्षी वारली, दमयंती त्या घरात एकटी राहिली. जेवताना दुसरं ताट मांडते असं शेजारणी सांगतात. मी त्या गल्लीत जायचं टाळतो, यादीचं काम असलं तरच जातो. नाव मी कधीच काढलं नाही. काढायला कारण लिहावं लागतं.

परवा नवी यादी भिंतीवर लावली. ती आली. एकतीस वर्षांची बाई, पण चालताना म्हाताऱ्या बाईसारखी पावलं टाकते. बोट चारशे बारावर ठेवलं, सावकाश शेवटपर्यंत नेलं. चाळीस.

मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आता क्यास पिकले असतील ना त्यांचे, मास्तर? मताला आलते तवा कसे व्हते?"

मी म्हणालो, थोडे पिकले होते. कानांपाशी.