गॅस संपला म्हणून आई जेवायला बसली

आज मामा अर्नाळ्याहून जेवायला यायला निघाले आणि आमचा सिलिंडर संपला. विरारच्या या नव्या बिल्डिंगमध्ये अजून कुणाशी ओळख नाही. भाऊ पहिल्यांदा घरी येणार आणि उपाशी जाणार, म्हणून आईचे डोळे भरून आले.

मी विळी आणि परात घेऊन बसले. नारळ खवला, त्याचंच पाणी पातळ पोह्यांवर शिंपडलं, कांदा, मिरची, लिंबू घालून दडपे पोहे केले. काकडीची कोशिंबीर केली, केळ्यांत खोबरं-गूळ कालवलं.

मामा ताटाकडे बघून म्हणाले, "बरं झालं मावरं नाय आनलं. ग्रॅज्युएट भाचीनं तेपन कच्चंच वाढलं असतं."

पण मासळी नसतानाही जेवले पोटभर.

एरवी पाहुणे असले की आई गरम भाकऱ्या करत ओट्याशी उभी असते आणि शेवटी एकटी जेवते. आज करण्यासारखं काही नव्हतंच. "बाये, बस ना," मामा म्हणाले, आणि ती बसली. लहानपणी दोघांनी वाळत घातलेले बोंबील पळवले होते, ते सांगताना ती इतकी हसली की तिला घास गिळता येईना.

मी थक्क होऊन बघत राहिले. माझी आई कुणाची तरी धाकटी बहीण आहे, हे मी आज पहिल्यांदा पाहिलं.

तुमच्याकडे पाहुणे जेवत असताना आई कुठे असते?