मास्तरांच्या बाह्या

मे महिन्यात नाचणगावातली कौलं तापून निघतात, तेव्हाही मास्तर सदऱ्याच्या बाह्या मनगटापर्यंत ओढून, बटण लावून फिरायचे. पोरं त्यांना मागून 'फुलबाही' म्हणत. ते शाळेत मराठी शिकवायचे. माझे ते लहानपणापासूनचे मित्र.

भाषेच्या बाबतीत ते कुणाला सोडत नसत. चहावाला 'तुमाले' म्हणाला की त्याच्याकडून 'तुम्हाला' वदवून घेऊन मगच कप उचलायचे. लग्नपत्रिकेतल्या चुका लाल शाईने दुरुस्त करून यजमानालाच परत द्यायचे. पण घाबरले की त्यांची स्वतःचीच वऱ्हाडी सुटायची. हे फक्त मला ठाऊक होतं, कारण ती भीती मीच त्यांना दिली होती.

आम्ही विशीत होतो. गिरडच्या जत्रेत एक बाई गोंदून देत होती. मला हातावर सुमनचं नाव हवं होतं, कागदावर लिहूनही नेलं होतं. सुई पाहून माझा धीर सुटला. मास्तर म्हणाले, "आधी मी एक ठिपका घेतो, मग तू." त्यांनी हात पुढे करून डोळे मिटले. बाईला वाचता येत नव्हतं. समोर कागद होता, तो पाहून ती अक्षरं उतरवू लागली. पहिल्या अक्षरालाच मी तिला थांबवू शकलो असतो. पण मग माझी पाळी आली असती. मी गप्प राहिलो आणि शेवटचं अक्षर होताच पळालो.

दोन वर्षांनी सुमन आमच्याच घरी आली, माझ्या थोरल्या भावाची बायको होऊन. दादा तापट. त्या दिवसापासून मास्तरांच्या बाह्या खाली आल्या.

एकदा दादाने भर दुपारी विचारलं, "काऊन मास्तर, एवढ्या उन्हात बाह्या काऊन ओढून राह्यले? करा न वर."

"मले गार लागते," मास्तर म्हणाले. घाम हनुवटीवरून टपकत होता. दादा खूप हसला.

बायकोपासून ते लपवणार कसं? लग्नानंतर तिने विचारलं, तेव्हा म्हणाले, "ज्याचं आहे, तो सांगेल." हे त्यांनीच मला येऊन सांगितलं. पुढे चाळीस वर्षं विषय काढला नाही. वाट मात्र पाहिली. आमच्याकडच्या हळदीकुंकवाला मास्तरीणबाई कधीच आल्या नाहीत.

गेल्या वर्षी सावंगीच्या दवाखान्यात नर्सने सलाईनसाठी त्यांची बाही वर केली. अक्षरं हिरवट, फुगलेली. दादा औषधं आणायला खाली गेला होता.

"भाऊजी," मास्तरीणबाई म्हणाल्या, "आता तरी सांगा, हे काय हाय?"

जिन्यावर पावलं वाजली. "मला काय माहीत," मी म्हणालो.

मास्तर जागे होते. त्यांनी दुसऱ्या हाताने बाही हळूच खाली ओढली. तिसऱ्या दिवशी ते गेले.

इथवर लिहून काल मी कागद घेऊन त्यांच्या घरी गेलो. मास्तरीणबाई म्हणाल्या, "चष्मा नाई माह्यापाशी. तुम्हीच वाचा." मी वाचलं.

"सुमनबाईशी मी चाळीस वर्षं बोलली नाई, भाऊजी."

मग उठून त्यांनी चपला घातल्या आणि आमच्या घराच्या दिशेने चालू लागल्या. दिवसाच्या त्या वेळेला दादा ओसरीवरच बसलेला असतो. मी कागद खिशात घातले आणि त्यांच्या मागे निघालो.