परत आलेला सेट

आमच्या खिडकीसमोर, रस्त्याच्या पलीकडे फ्यूजकाकांचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. पुढे दुकान, मागे एक खोली आणि स्वयंपाकघर. त्यांचं खरं नाव पाटीवर होतं, ते उन्हाने उडालं. कोणी बंद टीव्ही घेऊन आला की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "फ्यूज बघितला का?" त्यावरून हे नाव पडलं आणि चिकटलं.

काकू गेल्यापासून ते एकटेच असतात. मुलगा दूर दुसऱ्या शहरात. त्याचा फोन आला की काका स्पीकर लावून बोलतात, त्यामुळे अर्ध्या गल्लीला खबर लागते. नात बोलायला आली की म्हणतात, "काय म्हणते ती? ह्या फोनचा आवाजच बसलाय." मुलाचा धोशा एकच, दुकान विका आणि इकडे या. काका म्हणतात, "तिथे येऊन करू काय? तुझा टीव्ही भिंतीला चिकटलेला. त्याची पाठसुद्धा दिसत नाही मला."

आमच्या मामंजींचा टीव्ही मात्र जुना, पाठीला भलंमोठं कुबड असलेला. हे कितीदा म्हणाले की नवा आणू. मामंजी म्हणतात, "मीही जुनाच आहे. मलाही बदलून आणा." हा टीव्ही सकाळी लावला की चालू होईना. काकांकडे नेला, दुरुस्त होऊन आला. चार सकाळी चालला आणि पुन्हा मान टाकली. परत नेला, परत तेच. दुकानात म्हणे दिवसभर तक्रार नसायची, घरी आला की हट्टाला पेटायचा.

तिसऱ्यांदा ह्यांनी तो उचलून नेला तेव्हा मामंजी काठी टेकत बरोबर गेले आणि गल्ल्यासमोर उभं राहून म्हणाले, "तुझ्या हाताचा गुण गेला रे."

दोघे जन्माचे दोस्त. एकमेकांना याहून वाईट बोललेले मी ऐकलेत. पण काका नेहमीसारखे उलटून बोलले नाहीत. त्याच संध्याकाळी फोनवर मुलाला म्हणाले, "हा एक सेट नीट करून देतो. आता परत आला तर कुलूप लावतो आणि येतो तुझ्याकडे."

गल्लीने ऐकलं, मीही ऐकलं. त्यांना जायचं नव्हतं. दुकान म्हणजे त्यांचा श्वास होता. मी देवापाशी बसले तेव्हा मामंजींच्या टीव्हीसाठी मागणं मागितलं. असलं काही मागायची लाज वाटली, पण मागितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामंजींनी माझ्या हातात रिमोट दिला. "हा द्यायचा राहिला. आणि नुसता देऊन येऊ नकोस, तो काय करतोय ते बघून ये."

काका सेटचं पाठचं झाकण काढून बसले होते. "या सूनबाई. रात्रभर गार ठेवलाय मुद्दाम. आता बघू."

ते सेटला थेट वीज देत नाहीत, मध्ये एक मोठा बल्ब जोडतात. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब भगभगून पेटतो आणि तसाच राहतो. काही नसेल तर एकदा उजळून मंद होतो. त्यांनी बटण दाबलं. बल्ब उजळला, मंद झाला. मीटर लावून पाहिला, काटा जागच्या जागी. "पॉवर सप्लाय शुद्धीवर आहे," ते म्हणाले. आणि बटणावरचा हात तसाच ठेवून त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं.

हे मी खिडकीतून कित्येक वर्षं बघत आले आहे. काकू गेल्यापासून मात्र मला ते बघवत नसे. आठवण येत असेल, दुसरं काय.

तेवढ्यात मी कानावर हात ठेवला.

"काय झालं?"

"किती किंचाळतोय हो हा."

"कोण?"

"हा. टीव्ही. सुई टोचल्यासारखं होतंय."

काकांनी सेट बंद केला, पुन्हा लावला. माझ्या तोंडाकडे बघत राहिले. "आता?"

"ओरडतोय की."

ते पुढे वाकले, कान पार सेटजवळ नेला. मग उठले, डाग द्यायचं गरम झालेलं सोल्डरिंग आयर्न घेतलं आणि त्याचं टोक आतल्या एका छोट्या नळीजवळ नुसतं धरलं. "आता?"

"आहे."

दुसरीजवळ धरलं. "आता?"

"आहे."

तिसरी करंगळीच्या पेराएवढी, कोपऱ्यात दडलेली. तिला ऊब लागली, आणि आवाज बारीक होत होत विझला.

"थांबला," मी म्हटलं.

काकांनी सेट बंद केला. आतला करंट उतरू दिला, कारण तो बंद केल्यावरही चावतो. मग ती नळी काढून तळहातावर घेतली. "हा कपॅसिटर. आतून वाळलाय. सकाळच्या गारव्यात उठताना कण्हतो, कधी उठतच नाही, ऊब मिळाली की गप्प. म्हणून दुपारी सगळं ठीक. घरी ऐकू येत नव्हतं तुम्हाला?"

"येत होतं. मला वाटलं जुने टीव्ही असेच असतात."

"आणि तुमचे मामंजी?"

"त्यांना दारावरची घंटाही ऐकू येत नाही."

ते जरासे हसले. मग स्टुलावर बसले.

"सेट असा किंचाळला की ती स्वयंपाकघरातून ओरडायची," ते म्हणाले. "पोळ्या लाटता लाटता. 'रडतंय बघा तुमचं कार्टं.' मी म्हणायचो, हो, मला कान आहेत. सुरुवातीला होतेही. नंतर कधी ऐकू यायचं बंद झालं तेच कळलं नाही. ती सांगायची ना."

मी म्हटलं, "काका, सेट आला की मला हाक मारत जा. सकाळी मी रिकामीच असते." ही थाप होती, देव क्षमा करो.

"तुमच्या गॅसवर दूध असतं, सूनबाई. सेट काही दूध उतरायची वाट बघून रडत नाही." नवा कपॅसिटर बसवताना त्यांनी मान वर केली नाही. "मामंजींना मात्र सांगू नका."

घरी आल्यावर मामंजींनी विचारलं, "काय निघालं शेवटी?"

"फ्यूज," मी म्हटलं.

"तरी मी त्याला म्हणत होतो," मामंजी म्हणाले.

टीव्ही घरी आला आणि चालू लागला. पुढच्या फोनला काका मुलाला म्हणाले, "सेट परत आला नाही. मी येत नाही." मुलगा बराच वेळ समजावत होता. मग नात काही बोलली. या वेळी काकांनी फोनला नावं ठेवली नाहीत. म्हणाले, "तिला सांग, आजोबांना बारीक आवाज येत नाही. जाड आवाजात बोल म्हणावं." पलीकडून नात राक्षसाचा आवाज काढून बोलली. गल्लीतल्या सगळ्यांना ऐकू गेलं.

टीव्ही मात्र काका आता दुरुस्तीला घेत नाहीत. पंखे, इस्त्र्या, मिक्सर घेतात. पंखा बिघडला की खडखडतो, बहिऱ्यालाही कळतं, असं म्हणतात. परवा एक जण जुना सेट घेऊन आला होता. त्याने विचारलं, का बंद केलं? काका म्हणाले, "घरात ऐकणारं माणूस नाही." त्याला काही उमगलं नाही. सेट रिक्षात घालून तो निघून गेला.

रोज सकाळी मामंजींचा टीव्ही मीच लावते. लावल्यावर क्षणभर त्याच्या पाठीशी कान नेते आणि मग खिडकीत येते. पलीकडे काका अर्ध्या उघडलेल्या शटरखाली उभे राहून आमच्या खिडकीकडे बघत असतात. मी मान हलवते, नाही. ते हात वर करतात आणि वाकून आत जातात.