कोरं पीठ

आमच्या सोनिवलीच्या शाळेत खोली एक आणि गुरुजी एक. त्या गुरुजींच्या डब्यातली जांभळं एकदा कोणीतरी खाऊन टाकली. गुरुजी छडी घेऊन उभे राहिले तेव्हा बाळाजी भोईर म्हणाला, "गुरुजी, सगळ्यांना जीभ काढायला सांगा." अख्खी शाळा जिभा काढून ओळीनं उभी. सगळ्यात जांभळी जीभ निघाली ती गुरुजींच्या भाच्याची. तपास लागला, आणि छडी बसली तपास लावणाऱ्याला. पुढं बाळाजी पोलिसात गेला तेव्हा मी त्याला म्हटलं, "तेच काम रे, फक्त आता छडी तुझ्या हातात."

तो पोलिसात गेला तो त्याच्या थोरल्या बहिणीमुळं, जिजामुळं. आई लहानपणीच गेली. जिजानंच त्याला न्हाऊ-माखू घातलं, शाळेत ढकललं, आणि स्वतःचं लग्न चार वर्षं लांबवलं. पहिल्या भरतीत तो अर्ध्या इंचानं हुकला. जिजा काय करायची, तर रोज सकाळी त्याला अंगणातल्या आंब्याच्या फांदीला लोंबकळायला लावायची आणि खाली पाय धरून ओढायची. अख्खी आळी बघायला यायची. पुढच्या भरतीत तो घेतला गेला. बाळाजी म्हणे, साहेबांनी टेप ढिली धरली. जिजा म्हणे, "टेप नाय, फांदी." मरेपर्यंत तिनं हा शब्द सोडला नाही.

सत्त्याऐंशी साली तो उल्हासनगरला फौजदार होता आणि एका लहानशा तपास पथकाचा प्रमुख. पोलीस लाइनीत खोली, खोलीत बायको गोदू. पथकात त्याचा उजवा हात म्हणजे हवालदार शंकर, साताऱ्याकडचा, मिशीला तूप लावणारा.

त्या वर्षी भातकापणीला आमच्याच गावातली विठा मेली. विधवा बाई, घरात एकटी. सगळं गाव शेतात, आणि हिचा भरदुपारी कोणीतरी गळा आवळला. नाकातली नथ नाकात, पेटीला हात नाही. झोडणीच्या दिवसांत वांगणीला सोनी नावाची बाई गेली, तशीच. दिवसाढवळ्या, गळा आवळून, घरातलं काही न नेता. तेव्हा दोन्ही प्रकरणं बाळाजीच्या पथकाकडं आली.

आता आमची रीत सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. माणूस जिथं शेवटचा श्वास सोडतो ती जागा बायका शेणानं सारवतात. तिथं तांदळाचं पीठ पसरतात, बाजूला दिवा ठेवतात, वर टोपली पालथी घालतात. रात्रभर कोणीतरी दिव्यापाशी बसतं, वात विझू देत नाही. सकाळी टोपली उचलून बघायचं, पिठात काय उमटलं. पाखराचा पाय उमटला तर जीव पाखरात गेला, मांजराचा उमटला तर मांजरात. माझ्या आजोबांच्या पिठात बैलाचा खूर उमटला होता, असं माझी आजी सांगायची. टोपलीखाली बैल कसा शिरला, हे विचारायची हिंमत कोणाची नव्हती.

तर विठाच्या घरी आणि सोनीच्या घरीही पोलीस पोचेपर्यंत जमीन सारवून झालेली. शंकर डोक्यावर हात मारून म्हणाला, "साहेब, तुमच्या गावच्या बायका शेण नाही कालवत, पुरावा कालवतात." बाळाजीची बहीण तिथं असती तर तिनंही तेच केलं असतं.

आणि दोन्ही घरी सकाळी पीठ कोरं निघालं. लोक हळहळले. खून झालेला जीव भटकतो, उमटत नाही, असं म्हातारे म्हणाले. ती गोष्ट पोलिसांच्या कागदावर कशाला येईल?

कागदावर आला टेकचंद. उल्हासनगर कॅम्प एकमधला सिंधी. सायकलच्या मागं वेताची टोपली बांधून खेडोपाडी पापड विकायचा. माझ्या पोरांना तो फुकट पापडाचे तुकडे द्यायचा आणि आमच्याकडून मराठी शिकायचा. शिकायचा म्हणजे काय, शिव्या शिकायचा. विठाकडं तो जायचा, वांगणीला सोनीकडंही जायचा. शंकर म्हणाला, "दोन्ही घरात पाय असलेला हा एकच परका माणूस, साहेब." बाळाजी म्हणाला, "नजर ठेव. हात लावू नको."

मग माघात तिसरी बातमी आली ती अंबरनाथ गावातून, जिजाच्या सासरहून. जिजा गेली होती.

मुलगा रघु कारखान्यात, सून चांगुणा विहिरीवर धुणं धुवायला. ती परत आली तर सासू चुलीपाशी पडलेली, गळा तसाच आवळलेला. दारात पापडाचा पुडा.

बाळाजी आला तेव्हा मी तिथंच होतो, आम्ही चारपाच गाववाले ट्रकमधून गेलो होतो. तो बहिणीपाशी खाली बसला. तिच्या पायाचा अंगठा त्यानं मुठीत धरला. ती फांदीखाली त्याचे पाय धरायची ना, तसा. मग उठला आणि म्हणाला, "बाय, त्याला आणल्याशिवाय मी जेवणार नाय." मोठ्यानं नाही. जवळ होतो म्हणून ऐकलं.

वरच्या साहेबांनी तपास दुसऱ्याकडं देतो म्हणून सांगितलं. बाळाजीनं एक दिवस मागून घेतला. संध्याकाळी अग्नी देऊन झाल्यावर तो उल्हासनगरला निघाला, टेकचंदला उचलायला. निघताना तो देऊला म्हणाला, "तू बस रे दिव्यापाशी. तुझ्याइतका भरवशाचा कोण हाय?"

देऊ म्हणजे त्याचा चुलतभाऊ, आमच्याच आळीतला. मयतीच्या घरी पहिला पोचणारा माणूस. तिरडी तो बांधणार, मडकं तो आणणार, दिव्यापाशी तो बसणार. लोक थट्टेनं म्हणायचे, देऊ आहे म्हणून सोनिवलीत मरायला सोपं पडतं. त्या पावसाळ्यात त्याच्या बायकोला, आवडीला, लग्नानंतर बारा वर्षांनी मूल झालं आणि पाचवी उरकल्यावर थोड्याच दिवसांत ते गेलं. तेव्हापासून देऊ बोलायचा कमी, पण दुसऱ्यांच्या मयतीचं काम त्यानं सोडलं नव्हतं. आम्हाला त्याचं कौतुकच वाटायचं.

सकाळी बाळाजी परत आला. डोळे तांबारलेले, पोटात अन्न नाही. शंकर माझ्या कानाशी म्हणाला, "टेकचंद काय बोलंना. साहेबांनी सोता दोन ठेवून दिल्या. साहेब कधी कुणावर हात उचलत न्हाईत, बघा." टेकचंदचं म्हणणं एकच होतं. पापड देऊन आलो तेव्हा अम्मा जिवंत होती, मला बस म्हणाली, पाणी दिलं.

टोपली उचलायची होती. भाऊ म्हणून बाळाजीनंच उचलली.

पीठ कोरं.

बायका रडायला लागल्या. बाळाजी मात्र तसाच उकिडवा बसून राहिला. मला वाटलं, याला भोवळ येतेय. तो मान वर न करता म्हणाला, "चांगुणा, चुलीपाशी मुंग्या नायत काय गं?"

"हायत की मामा. पीठ सांडलं की लगेच लायनी लागतात."

"मग रात्रभर पीठ होतं. मुंगीचा पाय तरी उमटायला नको?"

तिथं जमलेल्या कोणाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं. आम्ही जिवाची पावलं बघणारी माणसं, मुंग्यांची कोण बघतो! त्यानं बोटानं दाखवलं. पिठाच्या कडेला, जिथं ते जमिनीला लागतं, तिथं चार बोटांची पुसट ओढ होती. कोणीतरी तळहात फिरवून पीठ सारखं केलं होतं.

"विठाचं पीठ कोरं. सोनीचं कोरं," तो स्वतःशीच बोलला. "सोनीच्या दिव्यापाशी कोण बसलं होतं?"

मी बोलून गेलो, "देऊ. आवडीची मावशी ना ती. आणि विठाच्याही तोच."

घरात सगळे एकमेकांकडं बघू लागले. देऊ तिथं नव्हता.

"देऊमामा पहाटेच्या गाडीनं उल्हासनगरला गेले," चांगुणा म्हणाली. "गोदूमामीला सोबत करतो म्हणाले. तिचा पाय प्लॅस्टरात, ती घरी एकटी. रात्री दिव्यापाशी बसून सारखं एकच बोलत होते मामा, की पाचवीला चौघींनी माझं बाळ मांडीवर घेतलं, तिघी गेल्या, आता एकटी गोदूवहिनी राहिली. मला वाटलं, दुःखानं बोलतायत."

बाळाजी जीपकडं धावला. शंकर धावला आणि मीही मागं चढलो. मला कोणी बोलावलं नव्हतं, पण उतर म्हणायला कोणाला वेळ नव्हता. पोलिसांच्या जीपमध्ये बसायची माझी लहानपणापासूनची हौस; ती अशी फिटेल असं वाटलं नव्हतं. वाटेत बाळाजी एकदाच बोलला. "मीच त्याला बसवलं दिव्यापाशी," म्हणाला.

पोलीस लाइनीत शिरलो तर बाळाजीच्या दारात ही गर्दी. जवळ जाऊन बघतो तर कॅम्प एकच्या सिंधी बायका. टेकचंदची बायको आपल्या गल्लीतल्या पंधरावीस जणी घेऊन उजाडताच येऊन बसली होती. नवरा सुटेपर्यंत उठणार नाही म्हणून ओटा, पायरी, घराचा उंबरासुद्धा त्यांनी अडवला होता. कोणी लसूण सोलतेय, कोणी शिव्या देतेय. मधोमध खाटेवर गोदू, प्लॅस्टरातला पाय लांब करून, त्यांना चहा पाजत होती.

आणि भिंतीला टेकून देऊ. हातात चहाची बशी, निवलेली.

गोदूनं नवऱ्याला बघितलं आणि सुरू झाली. "आलात? या बायका हलत नायत. भावजी येऊन तासभर बसलेत, म्हणतात वहिनी, हिला पाठव, तिला पाठव, मला तुझ्याशी एकटीशी बोलायचंय. मी म्हटलं, बोला की यांच्यासमोर, यांना कुठं आपली आगरी बोली समजतेय."

बाळाजी देऊच्या शेजारी जमिनीवर बसला. दोघं भाऊ लहानपणी बांधावर बसायचे तसेच, खांद्याला खांदा. शंकर बेडी काढत होता; बाळाजीनं त्याला हातानं थांबवलं.

"देऊ," तो म्हणाला, "बायच्या पिठात काय उमटलं होतं?"

देऊनं बशी खाली ठेवली.

"मी बघितलं नाय," तो म्हणाला.

"खरं सांग. पाखरू होतं? मांजर होतं?"

"आईची शपथ, बाळाजी. तिघींचंही नाय बघितलं. डोळे मिटून हात फिरवला. माझं नाव उमटेल, माझ्या पोराचं पाऊल उमटेल, मला काय ठावं." मग तो रडायला लागला. "त्यांनी खाल्लं माझं पोर. भगत बोलला, मांडीवर घेणाऱ्यांतच नजर हाय. कोणती ते त्याला सांगता येईना."

मग बाळाजीनं शंकरला बेडी घालायची खूण केली.

पुढचा तपास दुसऱ्या साहेबानं केला. पीठ काही कोर्टात चालत नाही; ज्या ओल्या पंच्यानं गळे आवळले तो देऊनंच काढून दिला. जन्मठेप झाली. आवडीनं कोर्टात सांगितलं की मुलाला कावीळ होती, डॉक्टरनं सांगितलं होतं, तिनं देऊला पुन्हा पुन्हा सांगितलं होतं. ती नंतर गोदूपाशी राहायला आली आणि शेवटपर्यंत राहिली. विठाच्या भाऊबंदांना हे फार लागलं. खुन्याची बायको घरात ठेवली म्हणून ते वर्षभर बाळाजीशी बोलले नाहीत.

टेकचंदच्या घरी बाळाजी स्वतः गेला. मी बरोबर होतो. गाल अजून सुजलेला होता त्याचा. बाळाजीनं हात जोडले. टेकचंद म्हणाला, "साहब, तुमची बहीण गेली होती. हाथ तो उठेगा." त्याची बायको आतून म्हणाली, "उठेगा क्यों? मेरा भाई गेला होता, मैंने किसको मारा?" बाळाजी म्हणाला, "बरोबर बोलतात बाई." त्यानंतर तो नोकरीत असेतोवर त्याच्या ठाण्यात कोणाला हात लागला नाही, असं शंकर सांगतो. शंकरला ते फारसं आवडलेलं नसावं.

आता बाळाजी सेवानिवृत्त होऊन सोनिवलीला आहे. त्याच्या घरी काही हाकलायचं नाही, असा नियम. मांजर दुधात तोंड घालतं, घालू दे. गोठ्यात धामण निघाली तेव्हा पोरं काठ्या घेऊन धावली, तर हा काठ्यांसमोर आडवा झाला. लोक हसतात, फौजदार मऊ पडला म्हणतात. मी हसत नाही.

परवा त्याच्याकडं गेलो होतो. गोदूनं भाकरीला पीठ मळायला घेतलं होतं, परातीत तांदळाचं पीठ. ती पाणी आणायला आत वळली तेवढ्यात कोंबडी परातीत शिरली आणि आरपार चालून गेली. गोदूनं बाहेर येऊन लाटणं उगारलं. बाळाजीनं तिचा हात धरला आणि परातीपाशी उकिडवा बसला.

"कोंबडीच हाय ती," गोदू म्हणाली.

"असू दे," तो म्हणाला, आणि बराच वेळ ती पावलं बघत राहिला.

त्या दिवशी भाकऱ्या दुसऱ्या पिठाच्या झाल्या.