साडूंचा ई-होन

बिल आलं की बाथरूमकडे वळणारी माणसं जगात असतात, खिसे चाचपडणारी असतात, 'मी देतो, मी देतो' म्हणत हात टेबलाखालीच ठेवणारी तर आपल्यात घरटी एक असते. पण बिल आल्यावर ज्याचा चेहरा नवरदेवासारखा उजळतो, असा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि दैवानं तो मला साडू म्हणून दिला. मूळचे नागपूरचे, नोकरीनं अमेरिकेतल्या रेडमंडचे आणि डोक्यानं कुठलेच नाहीत. दिवसा ते एका कंपनीत प्रोग्रॅम लिहायचे. उरलेल्या वेळात त्यांनी घराच्या गॅरेजमध्ये जगाचं नवं चलन काढलं होतं. नाव 'ई-होन'. शिवरायांचा होन, पुढे ई लावलेला, कारण त्या काळात पुढे ई लावला की माणूस दूरदृष्टीचा ठरायचा.

हा होन म्हणजे एक लांबलचक गुप्त आकडा. तो साडूंनी व्हिजिटिंग कार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर छापलेला असायचा. गॅरेजमधले भंगारातून आणलेले कॉम्प्युटर दिवसरात्र घरघरत, हा होन खरा की खोटा ते तपासत. खोटा होन करायला कोणी धजावेल, ही साडूंची सगळ्यात मोठी काळजी होती. खरा होन घ्यायलाच कोणी धजावत नव्हतं, हे त्यांच्या खिजगणतीत नव्हतं. ताईची, म्हणजे माझ्या मेव्हणीची, गाडी मात्र त्या कॉम्प्युटरांपायी बारा महिने पावसात उभी असायची.

साडूंचं तत्त्वज्ञान साधं होतं. "बिल मालकाचं असते, ते डॉलरमध्येच द्या लागते. पण टीप आपल्या मर्जीची ना? मर्जी आपली, मंग चलनही आपलं!" त्यामुळे जेवण झालं की ते वेटरला थांबवत, समोर पुठ्ठा ठेवत आणि चलन म्हणजे काय, विश्वास म्हणजे काय, इथून सुरुवात करत. शेजारच्या टेबलावर सूप निवत असे. वेटर एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत असे. बायको आणि ताई, दोघी गाडीत जाऊन बसलेल्या असत. आणि मी मान खाली घालून मेन्यूकार्डाची मागची बाजू वाचत असे, जिच्यावर काहीही छापलेलं नसे.

त्यांना हसायला मी काही शहाणा नव्हतो म्हणा. अमेरिकेत आल्या आल्या पहिल्याच आठवड्यात, शेजारच्या टेबलावरून उठलेलं जोडपं नोटा विसरून गेलं असं समजून, मी त्या उचलल्या आणि पावसात पार्किंगपर्यंत धावत जाऊन त्यांना परत केल्या होत्या. वेटर माझ्यामागे आणि मी त्या जोडप्यामागे, अशी वरात साडूंनी काचेतून पाहिली होती. तेव्हापासून मी तोंड उघडलं की ते म्हणत, "तुम्ही बोलूच नका जी. पुण्याची माणसं टीप देत नाहीत हे ऐकलं होतं, दुसऱ्यांनी ठेवलेली उचलतात हे तुमच्यामुळं कळलं."

पण पुठ्ठ्यापर्यंत ठीक होतं. एकदा बिलाला क्रेडिट कार्ड माझं होतं. इथे कार्डाची पावती सहीला येते, तिच्यावर टिपेसाठी एक रेघ मोकळी असते. तिथे लिहाल तेवढे पैसे कार्डातून जातात. मी हात धुवायला गेलो. साडूंनी त्या रेघेवर डॉलर लिहायचे सोडून होनाचा आकडा लिहायला घेतला आणि जागा पुरेना म्हणून त्याचे शेवटचे तीनच अंक लिहिले. मी परत येऊन, नेहमीच्या बावळटपणानं, न बघता सही ठोकली. महिनाअखेर कळलं की दोन थाळ्यांवर मी दोनशे चौदा डॉलर टीप दिली होती. तावातावानं परत मागायला गेलो, तर त्या वेटरनं दारातच मला मिठी मारली. मी बिर्याणी खाल्ली, त्याला पुन्हा टीप दिली आणि घरी आलो. साडू खूश! "पाहा, गेली ना टीप? फक्त चलन चुकलं!"

शेवटी ताईनं निर्वाणीचं सांगितलं. "दिवाळीपर्यंत घराबाहेरच्या एका तरी माणसानं हे घेऊन दाखवायचं. नाही घेतलं, तर गॅरेज रिकामं, आणि हा विषय माझ्या घरात बंद." साडूंचं तोंड उतरलं. इतकी वर्षं त्या पुठ्ठ्यांवर घालवलेला माणूस, आणि आता सगळा भार कुठल्यातरी अनोळखी वेटरवर.

दिवाळीच्या आदल्या शनिवारी ते मला तळ्याकाठच्या एका बारमध्ये घेऊन गेले. तोवर त्यांना सगळीकडून नकार आले होते. वाढणारी बाई चाळिशीची, हसरी, हातात तीन ग्लास. साडूंनी पुठ्ठा पुढे केला आणि बोलायला लागले. तिनं मधेच विचारलं, "ह्यानं गाडीत पेट्रोल भरता येईल?"

"अजून नाही."

"घरभाडं?"

"पुढे नक्की."

"मग आत्ता हे कोण घेतं?"

साडूंनी हळूच माझ्याकडे बोट दाखवलं. मी टीव्हीवरच्या, मला ओ की ठो न कळणाऱ्या फुटबॉलमध्ये बुडालो. बाईनं पुठ्ठा उचलून, उलटसुलट पाहून, पुन्हा साडूंच्या हाताशी ठेवला. "तर मग ही माझ्याकडून तुम्हाला टीप. आज इतक्या आस्थेनं माझ्याशी दुसरं कोणी बोललं नाही." आणि गेली. मी ग्लासाखाली डॉलर ठेवले.

गाडीत साडूंना कंठ फुटला. "द्यायच्या आधी घ्यावं लागतेच ना? म्हणजे तिनं घेतला! व्यवहार झाला!" मी म्हटलं, "साडूभाऊ, ह्याला आपल्यात साभार परत म्हणतात." घरी ताई चकल्या पाडत होती. तिनं सोऱ्या न थांबवता सगळं ऐकलं, एकदा नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "झाला व्यवहार. ठेवा तुमचं गॅरेज."

भाऊबीज झाल्यावर मी गेलो, तर साडू एकटेच मॉनिटर छातीशी धरून गॅरेजबाहेर काढत होते. मी म्हटलं, "अहो, तुम्ही जिंकलात ना?"

"कायचं जिंकलो," ते म्हणाले. "टीप देतो, टीप देतो म्हणून लोकांच्या मागं लागलो. त्या बाईनं पुठ्ठा परत ठेवला तेव्हा समजलं. मी देत नव्हतोच काही. मी मागत होतो."

टोमणा मारायची इतकी सुरेख जागा मला पुन्हा कधी मिळाली नाही. मी मॉनिटरला दुसऱ्या बाजूनं हात लावला. संध्याकाळी ताईनं गाडी पहिल्यांदाच आत घेतली. टपावरचं पाणी कोरड्या फरशीवर गळत होतं. ती उतरली, चारी भिंतींकडे बघत जराशी थांबली.

"एखादं टेबल राहू द्यायचं होतं हो कोपऱ्यात," ती म्हणाली. "गाडी मावली असती."