टेबलावर उघडा पडलेला रिपीटर

आधीच सांगतो, इथले अनुभव मी आजवर फक्त टिंगल करायला वाचले. पांढऱ्या साडीतली बाई, पिंपळाखालचा म्हातारा... हसू यायचं. आमच्या आज्याने धम्म घेतला तेव्हाच घरातून देव्हारा, अंगारा, लिंबू-मिरची सगळं गेलं. मी स्वतः मंठ्याला हायस्कूलवर विज्ञान शिकवतो. त्यामुळे भुताची गोष्ट सांगायला मी आलेलो नाही. मी चिडून लिहितोय, आणि ज्याच्यावर चिडलोय तो चांगला जिवंत, धडधाकट माणूस आहे.

मला हॅम रेडिओचा नाद. रीतसर परीक्षा दिली, सरकारी लायसन्स मिळालं, हातात मावणारा एक वॉकीटॉकी सेट घेतला. पण असा सेट टेकडीआड गेला की मुका होतो. म्हणून उंचावर एक यंत्र बसवतात, रिपीटर. तो आपला आवाज एका फ्रिक्वेन्सीवर घेतो आणि दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर जोरात पुढे फेकतो. मधे तो नसेल तर आपण बोललेलं समोरच्याला ऐकूच येणार नाही, कारण तो दुसरीकडेच कान लावून बसलेला असतो. एवढं लक्षात ठेवा.

आमच्या भागातल्या क्लबचा असा एक सामायिक रिपीटर वाटूरकडच्या एका टेकडीवर आहे. ऐकायला कुणालाही येतं. बोलायचं तर आवाजासोबत एक ठराविक बारीक सूर जावा लागतो, त्याला टोन म्हणतात. टोन म्हणजे कुलपाची किल्ली, आणि ती क्लबच्या सचिवांच्या खिशात.

परवानगीचा रिवाज असा... दर रविवारी सकाळी रिपीटरवर सभासदांची हजेरी होते. नव्या माणसाने सात रविवार ती नुसती ऐकायची, कोण कोण बोललं ते लिहून न्यायचं आणि दोन जुन्या सभासदांची शिफारस जोडायची. मी अकरा रविवारांची यादी नेली. शिफारस वाटूरच्या शेखकाकांची— हे एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर— आणि एका मास्तरांची.

सचिवांनी कागद चाळले. "गावात घर कोणत्या बाजूला म्हणले सर तुमचं?"

मी सांगितलं. मराठवाड्यात हा प्रश्न का विचारतात ते मराठवाड्यातल्या माणसाला सांगायची गरज नाही.

"अस्सं, अस्सं. बघू मंग."

त्यानंतर माझा फॉर्म हरवला. दुसरा दिला, तर फोटो जुना निघाला. तिसऱ्या वेळी कमिटीच बसली नाही. माझ्यामागून आलेल्या दोघांना टोन मिळाला, त्यातल्या एकाने तीनच रविवार ऐकले होते! सात महिने मी खेटे घातले. शेखकाका म्हणाले, "सर, टोन मी सांगतो ना. बिलकुल कुनाला कळनार न्हाई." मी नाही म्हणालो. लायसन्स माझं, हक्क माझा, मागच्या दाराने कशाला जाऊ? तो माझा ताठा होता, आणि पुढे जे झालं त्यात त्याचाही वाटा आहे हे कबूल करतो.

मागच्या ऑक्टोबरातली गोष्ट. सोयाबीन काढून पडलेलं आणि वरून परतीचा पाऊस. ढिगावर ताडपत्री टाकायला मी आणि माझी थोरली बहीण, अक्का, ओढ्यापलीकडच्या शेतात गेलो होतो. दुपारचे दोन वाजले असतील. ताडपत्रीची घडी उचलताना अक्का एकदम ओरडली. घोणस. पायाला, घोट्याच्या वर.

मागे बघितलं तर ओढा कमरेच्या वर चढलेला. जागा खोलगट, तिथे मोबाईलला रेंज नाही. अक्काचा पाय डोळ्यादेखत सुजत चाललेला. "संजू, घाबरू नको रे," हे ती मला सांगत होती!

पिशवीत सेट होता. रविवारची हजेरी ऐकायची सवय, म्हणून कायम सोबत. त्यात रिपीटरच्या दोन्ही फ्रिक्वेन्सी भरलेल्या, टोनची जागा रिकामी. काही होणार नाही हे मला माहीत होतं. तरी बटण दाबलं आणि कॉलसाईन, म्हणजे लायसन्सवरचा माझा ओळख-क्रमांक, सांगून ओरडलो, "कुणी आहे का? साप चावलाय!"

बटण सोडलं, आणि सेटमधून रिपीटरची ती ओळखीची शेपूट, आवाज पुढे फेकून झाला की तो स्वतःच वाजवतो ती खूण, वाजली... टुं-टुं. पाठोपाठ आवाज आला, "बोला सर, शेख बोलून राह्यलो. बराबर ऐकू येऊन राह्यलं. कुठं हायात?"

पाच-सहा वेळा बोलणं झालं, दर वेळी टुं-टुं. काकांच्या भाच्याचा जेसीबी आमच्याच रस्त्याच्या कामावर होता. त्याला त्यांनी फोन लावला, दवाखान्यालाही कळवलं. पंचवीस मिनिटांत जेसीबी ओढ्यात उतरला आणि माझ्या अक्काला बकेटमध्ये बसवून पलीकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, तासभर उशीर झाला असता तर अवघड होतं. अक्का वाचली.

चौथ्या दिवशी सचिवांचं पत्र. विनापरवानगी रिपीटर वापरल्याबद्दल लेखी माफी मागा, अन्यथा अर्ज कायमचा रद्द. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. तसाच त्यांच्या घरी गेलो, सोबत शेखकाका.

बैठकीत टेबलावर एक मशीन उघडं पडलेलं. वायरी बाहेर, स्क्रू वाटीत काढून ठेवलेले.

शेखकाका दारातच थबकले. "भाऊसाहेब, ह्ये... ह्ये इथं कवा आनलं?"

"सहा दिस झाले. वीज पडल्ती ना टेकडीवर, तवाच उतरवून आनलं."

"मंग चार दिसांखाली मी काय ऐकलं?"

सचिवांनी स्क्रूची वाटी बाजूला सरकवली. दुसरा रिपीटर या भागात नाही. क्लबच्या दोन सभासदांनी साप चावला त्याच दिवशी सकाळी हे यंत्र याच टेबलावर, याच अवस्थेत बघितलं होतं. मी नंतर दोघांना वेगवेगळं गाठून विचारलं.

"मग मी वापरलं काय?" मी विचारलं. आवाज चढलाच होता.

"त्ये मला सांगू नका सर. आवाज तुमचा होता, शेखनं तसं हजेरीच्या वहीत लिहून पाठवलं. वापर झाला. नियम म्हंजे नियम."

सहा दिवस टेबलावर पडलेलं यंत्र वापरल्याची माफी! अक्का कशी आहे, हे त्या माणसाने एका शब्दाने विचारलं नाही.

मी लिहून देणार नव्हतो. अक्काच म्हणाली, "दे ना लिहून. मी जित्ती हाय ना? आता तरी घे ती परवानगी." तिच्यासाठी दिलं. यंत्र दुरुस्त होऊन टेकडीवर गेलं आणि महिनाभरात टोन आला, सहीशिक्क्यानिशी. माझा राग तसूभर कमी झालेला नाही, होणारही नाही.

पुढच्याच रविवारी अक्काला घेऊन त्याच शेतात, त्याच जागी उभा राहिलो. आभाळ कोरडं, रिपीटर चालू, शेखकाका वाटूरला सेट उघडून बसलेले. टोन टाकून बटण दाबलं. काही नाही. बांधावर चढून दाबलं, टोन काढून दाबलं. शेपूट वाजली नाही. नंतर काकांना फोन केला तर म्हणाले, "कायबी आलं न्हाई सर." मधे टेकडी आहे, खोलगट जागा आहे. तिथून आवाज जाऊच शकत नाही, हे मी नकाशावर रेघ मारूनही तपासलं.

"मंग त्या दिशी कुनी ऐकलं रे?" अक्काने विचारलं. मी सेट बंद करून पिशवीत टाकला.

परवानगीचा कागद कपाटात आहे. त्यावरच्या टोनने माझ्या बहिणीचा जीव वाचला नसता, एवढं मला पक्कं कळलंय. कशाने वाचला, ते अजून कळलेलं नाही.