गॅलरीतून दिसणारी मंडई

वऱ्हाडातून सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी पुण्यात आले तेव्हा मी विश्रांतवाडीत खोली घेऊन राहत होते. रविवारी कॅमेरा गळ्यात अडकवायचा, बसने शहरात यायचं आणि जुन्या इमारतींचे फोटो काढायचे, हा माझा नेम. मंडईजवळच्या एका दुमजली घराची कोरीव लाकडी गॅलरी मला हवीच होती. पण मी कॅमेरा वर केला, की तिथले निवृत्त मास्तर गॅलरीत येऊन उभे राहत.

"आपण वस्तुसंग्रहालय शोधताय का?" एकदा त्यांनी वरूनच विचारलं. "इथे माणसं राहतात."

"मग वर येऊन विचारते."

"नको."

तरी मी जिना चढून दार वाजवलं. नकार मिळाला. पुढच्या रविवारी पुन्हा गेले, त्याच्या पुढच्याही. अखेर एकदा मास्तरांच्या पत्नीने दार उघडलं. गुडघ्यांमुळे त्यांचं खाली उतरणं कधीच बंद झालं होतं.

"चिवट आहेस," काकू म्हणाल्या. "ये. घर पाडणार आहेत. आम्ही धायरीला चाललोय. मलाच एक फोटो हवाय. गॅलरीचा नाही, गॅलरीतून दिसतं त्याचा."

त्यांच्या खुर्चीत बसून मी अख्खा रोल संपवला. मंडईचं शिखर, खाली भाजीवाल्यांची दाटी.

फोटो मोठा करून मी धायरीच्या नव्या फ्लॅटवर नेला. काकूंनी तो बराच वेळ न्याहाळला.

"लिंबूवाली कुठंय? डावीकडे बसते. माझ्याशी रोज बोलायची, खालूनच, ओरडून."

"अहो, फोटो आहे तो," मास्तर म्हणाले. "वर्गाची हजेरी नव्हे."

मी मात्र ठरवलं, की लिंबूवाली फोटोत आणायचीच.

रविवारी गेले तर घराला पत्रे ठोकलेले, जिना काढलेला. लिंबूवाली मात्र होती जागेवर. काकू बऱ्या आहेत, त्यांना तुमचा फोटो हवाय, म्हटल्यावर तिने पदराने तोंड पुसलं. "मला वाटलं, गेल्या."

आता उंचावरची जागा हवी होती. शेजारच्या घरातला शिंपी खिडकीपाशी येऊ देईना. मी त्याच्या जिन्यातच बसून राहिले. गिऱ्हाइकं मला ओलांडून जायला लागली, तेव्हा वैतागून त्याने मशीन सरकवलं.

मी वरून हाक मारली. लिंबूवालीने मान वर करून विचारलं, "जेवलीस का?" ते मला नव्हतं, काकूंना होतं. त्याच क्षणी मी बटण दाबलं.

तो फोटो काकूंनी पलंगासमोर लावून घेतला. खिळा मास्तरांनी ठोकला.